कोऱ्या पानांची ने-आण

आमच्या ऑफिसात त्याला सगळे कात्री म्हणतात. कुणाचाही कोड हाती लागला की हा आधी कापायला बसतो. दोनशे ओळींच्या साठ करून दाखवल्या की त्या दिवशी त्याला जेवणही गोड लागतं. मला तो मास्तरीणबाई म्हणतो, कारण मी प्रत्येक ओळीखाली लाल खुणा करते आणि मला कुणाचंच पटकन पटत नाही. आमचं दोघांचं भांडण रोजचं आहे. ते झालं नाही तर लोक विचारतात, आज एक जण रजेवर आहे का?

त्या दुपारी भांडायला वेळच नव्हता. सर्व्हरच्या तिसऱ्या रांगेचं कूलिंग बंद पडलं होतं. दुरुस्तीवाला वाटेत होता, आणि तो नेहमीच वाटेत असतो. तापमान चढत होतं आणि एका ठरावीक आकड्याला सर्व्हर स्वतःला बंद करून घेतो, तिथे कुणाची विनवणी चालत नाही. त्या सर्व्हरवर शहराच्या अँब्युलन्स सेवेची व्हर्च्युअल मशीन चालत होती. व्हर्च्युअल मशीन म्हणजे लोखंडी डब्यात राहणारा, पण डब्याला न बांधलेला संगणक. तो चालू असतानाच एका डब्यातून उचलून दुसऱ्यात ठेवता येतो. आमची रोजीरोटी त्यावरच चालते. बंद करून हलवला असता तर पुन्हा उभा राहायला अर्धा तास गेला असता, आणि तेवढा वेळ कुठली गाडी कुठे आहे हे कुणालाच दिसलं नसतं. म्हणून आम्ही तो चालूच ठेवून दुसऱ्या सर्व्हरवर हलवायला घेतला होता.

स्क्रीनवरच्या ज्या फळ्यावर त्या गाड्या दिसतात त्याच्यासमोर माझी ताई बसते. सख्खी, मोठी, आणि तिथल्या शिफ्टची प्रमुख.

"चाललंय बघ कसं," कात्री स्क्रीनकडे बोट दाखवत म्हणाला. "पूर्वी याला दुप्पट वेळ लागायचा."

हलवणं चालतं ते असं. मशीनच्या मेमरीची छोटी छोटी पानं केलेली असतात. आधी सगळी पानं नव्या सर्व्हरवर पाठवायची. पण मशीन चालूच असते, ती तेवढ्यात काही पानांवर नवं लिहिते. मग बदललेली पानं पुन्हा पाठवायची, आणि पुन्हा. शेवटी अगदी थोडी उरली की मशीनला क्षणभर थांबवायचं, उरलेली पाठवायची आणि तिला नव्या जागी जागं करायचं. आमच्याकडे हा शेवटचा टप्पा हाताने बटण दाबून होतो.

मेमरीतली कितीतरी पानं कोरी असतात. ती सांभाळणारा कोड आमच्याकडे तीन ठिकाणी विखुरलेला होता आणि फार विद्रूप होता, हे मीही मान्य करते. गेल्या महिन्यात कात्रीने त्या तिन्हींचा एक नियम केला. मी तेव्हा दुसऱ्या कामात अडकले होते. त्याने तो मुहूर्त साधूनच कोड पास करून घेतला, असा माझा संशय आहे. आता नुसतं बघत बसण्यापेक्षा म्हणून मी तो कोड उघडला.

सुंदर होता. खोटं कशाला बोलू? एका दमात वाचून झाला. पान कोरं आहे? मग पाठवू नका, पुढे चला.

मी पुन्हा वाचला, आणि त्याच ओळीवर अडकले.

"कात्री, कोरं पान पाठवायचंच नाही?"

"कशाला पाठवायचं? नव्या सर्व्हरची मेमरी कोरीच असते की."

"पहिल्या फेरीला कोरी असते. आपण आता तिसऱ्या फेरीत आहोत. एखादं पान पहिल्या फेरीत भरलेलं गेलं आणि मग इकडे पुसलं गेलं, तर?"

त्याने माझ्या स्क्रीनवर वाकून स्वतःचाच नियम पुन्हा वाचला. इकडे कोरं, म्हणून पाठवलं नाही. तिकडे मात्र जुना मजकूर जसाच्या तसा. काम इतकं झपाट्याने का चाललं होतं, ते आता कळलं.

"टेस्टमध्ये कसं नाही सापडलं?" मी विचारलं. आवाज चढला होता, आणि मला तो उतरवायचाही नव्हता.

"टेस्टमध्ये आम्ही मेमरी भरतो," तो पुटपुटला. "भरतच जातो. पुसत नाही कधी."

ताईच्या फळ्यावर दिवसभर दुसरं काय चालतं? कॉल आला की ओळ लिहायची, काम संपलं की ओळ पुसायची. पुसलेल्या ओळी नव्या जागी पुन्हा उभ्या राहिल्या असत्या. मोकळी गाडी अडकलेली दिसली असती, किंवा गाडी अशा घरी गेली असती जिथे तिची गरज तासापूर्वीच संपली होती. आणि फळा खोटं बोलतोय हे कुणाला कळलंही नसतं.

"नव्वद टक्के झालंय," कात्री म्हणाला. "असं एखादंच पान असेल. जाऊ दे का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "त्या एखाद्या पानावर तुझ्या आईचा पत्ता असला तर?"

त्याने माउसवरचा हात मागे घेतला. मला पुढे काही बोलायची गरज पडली नाही.

कोड बदलून टाकावा म्हटलं तर तेही जमत नव्हतं, कारण पाठवणारा प्रोग्रॅम तापलेल्या सर्व्हरवर चालू होता आणि मशीन त्याच्याच पोटात होती. वाट एकच होती. कोरी पानं ओळखणंच सेटिंगमधून बंद करायचं, म्हणजे कोरं असो की भरलेलं, प्रत्येक पान निमूटपणे जाईल. पण त्यासाठी झालेलं सगळं रद्द करून पहिल्यापासून सुरुवात करायची, आणि तीही दुपटीने हळू.

"पोचेल का तोवर?" मी विचारलं.

त्याने तापमानाकडे पाहिलं. "माहीत नाही."

"मग?"

"घाण माझी आहे," तो म्हणाला. "मीच दाबतो." आणि त्याने रद्द केलं. नव्वदचा आकडा शून्यावर आला.

त्यानंतरचा वेळ कसा गेला ते विचारू नका. पानं मुंगीच्या पावलांनी चालली होती आणि तापमान जिना चढत होतं. कात्रीने कोपऱ्यातला साधा पंखा ओढत नेऊन सर्व्हरच्या तोंडाशी लावला. त्याने काडीचा फरक पडत नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी त्याला अडवलं नाही. शेवटी फेऱ्या संपत आल्या, पण उरलेली पानं काही केल्या कमी होईनात. फळ्यावर सारखं काहीतरी लिहिलं जात होतं. तापमान धोक्याच्या रेघेला टेकलं होतं. आता त्या फळ्याला थोडा वेळ कुणी हात न लावणं हाच उपाय होता.

मी ताईला फोन लावला.

"ताई, तुझ्या लोकांना सांग, दोन मिनिटं स्क्रीनवर काही टाकू नका. कागदावर घ्या."

"बाकीच्यांना सांगते. मी नाही थांबू शकत."

"ताई, ऐक ना..."

"तू ऐक. एक बाई आहे लाइनवर. तिचा नवरा जमिनीवर पडलाय, श्वास घेत नाहीये. छाती कशी दाबायची ते मी तिला सांगतेय, आणि गाडीला वळणं दाखवतेय याच स्क्रीनवरून. मी स्क्रीन सोडला तर गाडी चुकेल." मग दुसऱ्याच आवाजात, माझ्याशी नव्हे, "दाबत राहा. थांबू नका. मी आहे."

मी फोन कानाला धरून बसले आणि कात्रीला हळूच सांगितलं, एकाचा श्वास थांबलाय, गाडी वाटेत आहे. कात्री खुणेने विचारत होता, दाबू? मी मान हलवली, नाही. उरलेली पानं अजून जास्त होती. त्यांच्यासाठी मशीन थांबवली असती तर त्या गाडीचा नकाशा ऐन वळणावर गोठला असता. सर्व्हरचा भोंगा वाजायला लागला. तिकडून ताईचा आवाज येत होता, एक, दोन, तीन, चार, अगदी सपाट. लहानपणी मला पाढे म्हणायला लावायची तेव्हाही तिचा आवाज असाच असायचा. मला इतकी भीती पूर्वी कधी वाटली नव्हती.

मग ताईचं मोजणं थांबलं. कीबोर्डवर दोन बटणं दाबल्याचा आवाज आला.

"झालं," ताई म्हणाली. "चालव तुझं."

बदलणाऱ्या पानांचा आकडा धाडकन खाली आला. मी हात वर केला आणि कात्रीने बटण दाबलं. जुन्या सर्व्हरवर मशीन थांबली, नव्यावर जागी झाली.

"ताई, फळा वाच. मोठ्याने."

"क्षणभर गोठला होता... आला. एक नंबर पुलाजवळ, अपघात. दोन मोकळी. तीन परतीच्या वाटेवर. चार मोकळी. पाच मोकळी."

"आणि त्या बाईची ओळ?"

"ती नाहीये."

"नाहीये म्हणजे? हरवली?"

"हरवली नाही गं. मीच पुसली, तुला 'चालव' म्हणायच्या आधी. पाच नंबर तिथे पोचली होती." ती थांबली. "पण तो गेला होता."

"पाच नंबर मोकळीच दिसतेय ना पण? नक्की?" विचारताना माझी मलाच लाज वाटली. पण ते विचारणं भागच होतं.

"मोकळी दिसतेय. ठेवते, दुसरी लाइन वाजतेय."

कात्री खुर्चीच्या कडेवर बसून माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

"शेवटची ओळ पुसलेली होती," मी म्हटलं. "नव्या सर्व्हरवरही पुसलेलीच आहे. पान कोरंच पोचलं."

"पोचलं!" त्याने दोन्ही मुठी हवेत उडवल्या. "मास्तरीणबाई, पोचलं! आणि पुसली म्हणजे त्यांचंही काम झालं, नाही का? दवाखान्यात नेला ना त्याला?"

मला रडू फुटलं होतं आणि मी ते आवरलंही नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि हळूहळू हात खाली घेतले.