गाठीची लडी

भारतने सासूच्या डब्यातून दोऱ्याच्या दोन लड्या उचलल्या, एक लाल आणि एक हिरवी, आणि सासऱ्यासमोर बाजेवर शेजारी शेजारी ठेवल्या.

“मामाजी, यातली लाल कोन्ती?”

रामधनांनी जावयाकडे पाहिलं. फुलसावंगीजवळच्या या तांड्याचे ते नायक. भांडण असो की सोयरीक, त्यांच्या शब्दाशिवाय इथे पान हलत नव्हतं. अशा माणसाला बालवाडीतलं पोर समजून रंग विचारणारा हा पहिलाच जावई असावा. पण ते रागावले नाहीत. दोन्ही लड्या हातात घेतल्या, अंगठा फिरवला आणि लाल लडी बरोबर पुढे धरली.

भारतचा चेहरा उतरला. सासरा चुकावा म्हणून तर तो सकाळच्या एसटीने बायको-मुलीला घेऊन कळंबहून इथवर आला होता.

झालं होतं ते असं. त्याचा मुलगा ओम रेल्वेच्या परीक्षेत पास झाला आणि डोळ्यांच्या तपासणीत अडकला. ठिपक्यांमधला आकडा त्याला दिसेना. लाल-हिरव्यात गोंधळ, डॉक्टर म्हणाले, जन्मापासूनचा. भारतची नजर घारीसारखी, त्याच्या बापाची त्याहून तेज. मग हे आलं कुठून? या प्रश्नामागोमाग शेजारच्या धावजीचं नाव मनात आलं, ते जाईना. पोळ्याला बैलाचं एक शिंग लाल आणि एक हिरवं रंगवून दोन्ही सारखीच म्हणणारा धावजी. ओमला ट्रॅक्टर शिकवणारा धावजी.

संशय एकदा घरात शिरला की पाहुण्यासारखा निघून जात नाही. आठ दिवस भारत झोपलेल्या ओमचे कान, कपाळ, पायाची बोटं न्याहाळत होता. त्याने डॉक्टरला खोदून विचारलं, ओमच्या मास्तरांना विचारलं, आडून आडून धावजीच्या आईलाही विचारलं. बायकोने, संगीताने वाढलेलं ताट मात्र तो खाली मान घालून संपवत होता. तिला कळत नव्हतं असं थोडंच होतं!

शेवटी यवतमाळला बी.एस्सी. करणारी अंजू घरी आली. बापाचं तोंड पाहूनच तिने ओळखलं. “बाबा, हे बापाकडून पोराले येतच नाही. आईकडून येते. पाह्यचेच असंल त नानाचे डोळे पाहा.” म्हणून ही वारी.

“दिसते ना त्याईले!” भारत आता अंजूवर उखडला. “लाल बरोबर देल्ली त्याईनं.”

आजी मानीबाई दारात कांचळीवर, बंजारा चोळीवर, भरतकाम करत बसली होती. अंजू तिच्याजवळ सरकली आणि डब्यातले कापडाचे दोन जुने तुकडे बाहेर काढले.

“नानी, हा नमुना तू कधी बदलवत काहून नाही?”

“सासूचा हाय. बिघडला त पुन्हा कुठून आणू?” मानीबाई म्हणाली. “त्याची नक्कल केली न् तिच्यावर वाट्टेल ते करत राह्यली. एक दिवस हे फूल निघालं. जुन्यात नव्हतं.”

“पाहा बाबा, तसंच हाय. लय जुन्या काळी आपल्या न् माकडायच्या पूर्वजात लाल-हिरव्यासाठी एकच जनुक होतं. डोळ्यातलं प्रथिन त्याच्यावरून बनते. त्याची चुकून नक्कल झाली. एक जुनं काम करत राह्यलं, दुसरं मोकळं. ते बदलत गेलं न् एक येगळंच प्रथिन तयार झालं. म्हणून लाल न् हिरवं येगळं दिसाले लागलं. ते वानर पाहा, हिरव्या पाल्यात पिकलेलंच बोर हुडकते. पण दोन्ही जनुकं सारखी, एकमेकाले खेटून. पिढी दर पिढी उतरता उतरता त्याईचा गुंता होते, एखांदं हरवते. न् ते ज्या गुणसूत्रावर हाय, ते पोराले आईकडूनच भेटते.”

“पुस्तकात असंल,” भारत म्हणाला. “मी त समोर पाह्यलं.”

अंजू तुकडे परत ठेवायला गेली आणि तिचा हात थांबला. डब्यातल्या प्रत्येक लाल लडीच्या टोकाला गाठ होती. हिरव्यांना नव्हती, पिवळ्यांना नव्हती. पंचवीस वर्षं भारतनेही या गाठी पाहिल्या होत्या. म्हातारीची सवय, एवढंच त्याला वाटलं होतं.

तिने एका लाल लडीची गाठ सोडली, शेजारी हिरवी ठेवली.

“नाना, आता?”

“राहू दे वं पोरी,” मानीबाई घाईने म्हणाली.

रामधनांचा अंगठा लडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, परत आला. मग त्यांनी दोन्ही लड्या खाली ठेवल्या.

“नाही समजत मले,” ते म्हणाले. “लहानपणापासून नाही समजत. नायकाले लाल-हिरवं कळत नाही म्हटलं असतं, त लोकं म्हणले असते, याले खरं-खोटं काय कळंल. हिनं लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात ओळखलं. तवापासून गाठ मारते. माह्या पागोट्यालेबी हाय. न् संगीता सात वर्षांची झाली, तवापासून तीबी मारे.”

भारतला एकदम हलकं वाटलं. आठ दिवसांनी हसू आलं. ओम त्याचाच होता. मग सासऱ्याचं शेवटचं वाक्य त्याच्या ध्यानात आलं आणि तो बायकोकडे वळला.

“तुले माहीत होतं?”

“हो.”

“मंग आठ दिवस बोलली काहून नाही?”

संगीताने पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत पाहिलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज साधाच होता.

“डॉक्टरले विचारलं. मास्तरले विचारलं. धावजीच्या मायलेबी विचारलं. मले विचारलं?”

रस्त्यावर एसटीचा भोंगा वाजला. भारतने पिशवी खांद्याला लावली.

“चाल, गाडी आली.”

संगीताने बाजेवरची सुटी लाल लडी उचलली, तिच्या टोकाला घट्ट गाठ मारली आणि डब्यात ठेवली.

“तुमी व्हा म्होरं. अंजूले नेजा.”

“न् तू? कधी येशीन?”

संगीताने सुई घेतली, उजेडाकडे धरून दोरा ओवला आणि कांचळीवर कोणतं फूल घ्यायचं ते आईला विचारलं.