पाचवं वाक्य

जपानात, सेंदाईला येऊन दीड वर्ष झालं, तरी सुलेखाच्या दाराची बेल कुरियरवाल्याशिवाय कुणी वाजवली नव्हती. नवरा, अंबरीष, दिवसभर प्रयोगशाळेत गडप. बोलायला माणूस हवं म्हणून तिनं वॉर्डाच्या सभागृहात दर गुरुवारी परदेशी बायकांना फुकट इंग्रजी शिकवायला घेतलं. पाच जणी होत्या. गळत गळत उरली एकटी लिन-सान, एका चिनी संशोधकाची बायको. अबोल, पण अभ्यासाला पक्की. सुलेखाला ती 'सेन्सेई' म्हणायची, म्हणजे बाई.

त्या दिवशी क्रियापद होतं 'इन्व्हाइट'.

"आमच्याकडे जो बोलावतो तोच खाऊ घालतो," लिन-सान म्हणाली. "एकाच शब्दात दोन्ही."

"आमच्यातही घालतात गं. इंग्रजीत मात्र नुसतं बोलावणं. पण कुणाला, कुठे, कधी, सगळं सांगायचं. लिही पाच वाक्यं."

कागद सुलेखानं घरी नेऊन तपासला. पाचवं वाक्य तर नमुनाच: 'मी माझ्या सेन्सेईंना रविवारी चार वाजता घरी बोलावते, यागियामाची बस, शेवटचा थांबा, तिसरा मजला.' कुणाला, कुठे, कधी, काही म्हणून सुटलं नव्हतं. खूश होऊन तिनं लाल शाईत दहापैकी नऊ मार्क दिले आणि फोटो पाठवला. उत्तर आलं, "थँक यू, सेन्सेई."

रविवारी चार वाजता सुलेखा कपड्यांच्या घड्या घालत वॉशिंग मशीनशी बोलत होती.

पुढच्या गुरुवारी लिन-सान आलीच नाही. अर्धा तास वाट पाहून सुलेखानं कागद काढला. चार वाक्यांत राजा, डॉक्टर, कंपनी, कुणाचा तरी मामा. बस फक्त पाचव्यात. गृहपाठात बस कोण लिहितं? तिचे कान तापले. पर्स उचलून ती तशीच निघाली.

लिन-साननं दार उघडलं. मागे छतापर्यंत खोकी.

"अगं, मला वाटलं, ते उदाहरण..."

"तुमच्यासाठी साठ ग्योझा केले होते, सेन्सेई, सारण भरून, एकेक हातानं वळून. नवरा म्हणाला, त्या नाही येणार, त्यांनी मार्क दिलेत." मग तिनं विचारलं, "एक मार्क कशाचा कापला?"

"कशाचाच नाही. पैकीच्या पैकी मी कुणालाच देत नाही. खोड आहे माझी मेली."

लिन-सान खुदकन हसली. मग म्हणाली, "शनिवारी आम्ही चीनला, दालियनला परत."

कप बांधून झाले होते. भाताच्या दोन वाडग्यांत तिनं चहा ओतला, आणि दोघी एकाच खोक्यावर टेकल्या. सुलेखानं चहा मुद्दाम हळूहळू प्यायला. लिन-साननं तीनदा वाडगा भरला. तिन्ही वेळा सुलेखानं नको म्हटलं नाही.