कुंकू लागलेले संमतीपत्र

मी एक रद्द झालेला कागद आहे. वय विचाराल तर जेमतेम पाच महिने. पण मित्रांनो, कागद ज्या दिवशी रद्द होतो, त्याच दिवशी तो म्हातारा होतो.

माझा जन्म नाशिकच्या कोर्टाबाहेर एका टायपिंगच्या टेबलावर झाला. त्याआधी मी नुसता कोरा मुद्रांक होतो. टायपिस्टने माझ्यावर ओळी उमटवल्या, तेव्हा मला कळले की मी संमतीपत्र झालो आहे. आईवडील वेगळे राहत असले आणि त्यांच्यापैकी एकाला मुलाला परदेशी न्यायचे असले, की दुसऱ्याने ‘माझी हरकत नाही’ असे लिहून द्यावे लागते. ते लिहून देणारा कागद म्हणजे मी.

आठ वर्षांच्या दिशाची आई वेदिका द्राक्षे परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत मालाची प्रत तपासायचे काम करायची. कंपनी तिला हंगामाचे चार महिने नेदरलँड्सच्या बंदरावर पाठवणार होती. लेकीला सोबत न्यायची मुभा होती. दिशाचे वडील योगेश इगतपुरीला रेल्वेत. दोघे दोन वर्षांपासून वेगळे राहत होते. योगेशने तीन महिने ‘बघू’ म्हणून काढले आणि एका सोमवारी ड्युटी संपवून तो कोर्टापाशी आला.

“परत यायची तारीख टाक त्यात,” तो वेदिकाकडे न बघता म्हणाला.

“एकतीस मे. टाकलीये.”

“आकड्यात नको फक्त. अक्षरात पण.”

टायपिस्टने अक्षरातही टाकली. योगेशने पेन हातात घेतले आणि बराच वेळ तसेच धरून ठेवले. मग सही केली. नोटरीने सहीशेजारी गोल शिक्का मारला. त्या दिवशी माझ्याइतका जपलेला कागद नाशिकमध्ये दुसरा नसेल. वेदिकाने मला प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये घातले आणि घरापर्यंत मांडीवर धरून नेले.

घरी तिची आई होती, मालनबाई. मखमलाबादच्या मळ्यात झेंडू-शेवंती पिकवून आयुष्य गेलेली बाई. त्यांच्याकडे शुभकार्याचा कोणताही कागद आधी देवापुढे ठेवायचा आणि त्याला हळदकुंकू लावायचे, ही रीत. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्याला लावतात तसे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला देवापुढे ठेवले, ओले कुंकू बोटावर घेतले आणि टेकवले. चष्मा नव्हता. बोट कोऱ्या कोपऱ्यावर न पडता नेमके सहीवर पडले. चूक लक्षात आल्यावर त्यांनी पदराने पुसले, तेव्हा ते शिक्क्यावरही पसरले.

व्हिसाचे अर्ज भरून देणाऱ्या साक्षी नावाच्या मुलीने मला उजेडात धरून पाहिले. “ताई, सही दिसत नाही, शिक्का वाचता येत नाही. हे चालणार नाही. नवीन करून आणा, शुक्रवारच्या आत.”

वेदिका खुर्चीत बसूनच राहिली. “तो पुन्हा नाही करणार सही,” एवढेच बोलली.

मित्रांनो, मळ्यातल्या बायका चूक झाली की फार बोलत बसत नाहीत. मालनबाईंनी मला पिशवीत घातले, वर शेवंतीची जुडी ठेवली आणि दुसऱ्या सकाळी एकट्याच इगतपुरीची एसटी धरली. सासू जावयाच्या दारी काही मागायला जात नाही, हीही त्यांच्याकडची रीतच. ती त्यांनी त्या दिवशी बाजूला ठेवली.

योगेश रात्रपाळी करून आला होता. दारात मालनबाईंना पाहून गडबडला. “मामी, तुम्ही? दिशा बरीये ना?”

“बरी हे. तुमची सही मी खराब केली, योगेशराव.” त्यांनी मला त्याच्या हातात दिले.

त्याने मला उलटसुलट करून पाहिले. “लग्नानंतर माझ्या सहीला पहिल्यांदाच कुणी कुंकू लावलं,” तो म्हणाला. मग गंभीर झाला. “देवालाच नको असेल ती जायला.”

“देवाला कशाला मधे घेता? बोट माझं होतं.”

“मग तुम्हालाच नको असेल.”

मालनबाईंनी पिशवीतली शेवंतीची जुडी काढून टेबलावर ठेवली. “नकोच हे,” त्या म्हणाल्या. “ती तिकडं रमली, परत आली नाय, तर मी काय करू? ही भीती काय तुम्हाला एकट्यालाच हे का? म्हणून तर बोट एवढं दाबलं गेलं. पण पोरगी रोज नकाशा काढून बसती. बंदर कुठं, बोट कुठून येती. मला लय प्रश्न इचारती.”

“तिला आणलं का नाही मग?”

“मुद्दाम नाय आणलं. ती समोर असती तर तुम्हाला नाय म्हणता आलं नसतं. आता म्हणायचं असंल तर म्हणा. मी तिला सांगंल, माझ्याच हातून कागद बिघडला.”

योगेश उठून आत गेला. त्याने चहा टाकला. मी टेबलावर पडून होतो. उघड्या खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याने माझे एक टोक फडफडत होते. आज हा माणूस नाही म्हणाला असता, तर त्याला कुणी दोष दिला नसता, आणि ते त्यालाही माहीत होते. चहा उकळून उतू गेला तरी त्याचे लक्ष नव्हते.

कप पुढे ठेवताना त्याने विचारले, “तिकडे थंडी फार असते म्हणतात. स्वेटर घेतलाय का तिला?”

“एक हे. जुना.”

“एकाने काय होतंय, मामी.”

गुरुवारी तो नाशिकला आला, ते पिशवीत दोन स्वेटर घेऊनच. नवीन कागद झाला, नवीन सही, नवीन शिक्का. या खेपेस त्याने पेन हातात फार वेळ धरले नाही. नोटरीने माझ्यावर दोन आडव्या रेघा ओढल्या. तो दुसरा कागद दिशाबरोबर विमानात बसला. मला थोडा हेवा वाटला, खोटे कशाला बोलू.

मला कुंकू लागलेले, म्हणून कचऱ्यात टाकायचे नाही. मालनबाई मला गोदावरीत सोडायला निघाल्या होत्या. योगेश म्हणाला, “मला द्या तो.” तेव्हापासून मी इगतपुरीत त्याच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे.

मित्रांनो, सध्या मे सुरू आहे. दिशा येईल की नाही, हे माझ्यासारख्या कागदाला कसे कळणार? पण तुम्हाला आणि तुमच्या घरातल्या मोठ्यांना माझे एक मागणे आहे. मुलाला मधे उभे करून कुणाची सही घेऊ नका. आणि कागदावर परतीची तारीख लिहून दिली असेल, तर ती पाळा. शर्ट काढायला कपाट उघडताना कुणीतरी ती रोज वाचत असते, आकड्यातही आणि अक्षरातही.