मापाड्याचा डोळा

“गोदावरीवाल्यांनी माती खाल्ली,” गेल्या वर्षी तातेराव काट्यावरून नजर न काढता म्हणाला. “दोन चढाईवाले घेतले अन् डावा कोपरा मोकळा ठेवला. आता बघा, साखळी सामन्यांतूनच घरी येतेत का न्हाई.”

“तुमाला इचारलं न्हाई का त्यांनी?” वसराम हमालानं पोतं खाली टाकत विचारलं. “फोन लागत नसंल तुमचा.”

बाकीचे हमाल हसले. तातेरावही हसला आणि वजन बोलला. हिंगोलीच्या मोंढ्यात पुनमचंद शेठच्या आडतीवर तो तीस वर्षं मापाडी होता. हळदीचं पोतं काट्यावर यायचं, तो वजन बोलायचा, पोतं पुढं जायचं. मापाड्यानं वजन सांगावं, माल सांगू नये, ही त्या धंद्याची रीत. हळकुंडात कीड दिसली तरी मापाडी गप्प. मोडून बघायचं काम खरेदीदाराचं. एकदा मापाडी माल बोलायला लागला की शेतकऱ्याचाही विश्वास उडतो आणि व्यापाऱ्याचाही. तातेरावनं तीस वर्षांत ही रीत कधी मोडली नव्हती.

हळदीवर बोलता येत नाही म्हणूनच की काय, तो कबड्डीवर बोलायचा. कबड्डीची मोठी लीग टीव्हीवर सुरू झाल्यापासून त्याला दुसरा विषयच उरला नव्हता. हंगामाआधी संघ आळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात, तो दिवस त्याचा सण. कुणी कुणाला घेतलं, कुणाला सोडलं, आणि ते कसं चुकलं, हे तो काट्याशेजारी उभा राहून महिनाभर सांगत असे. बहुतेक वेळा त्याचं खरं व्हायचं. पण खरं झालं तरी मापाड्याचं कोण ऐकतं? बायको म्हणायची, भिंतीला सांगा, ती तरी जागेवर राहते. मोंढ्यातल्या लोकांना तो फुकटचा तमाशा होता. चहा येईपर्यंत तातेरावला चावी द्यायची आणि चहा आला की त्याचं बोलणं अर्ध्यावर सोडून उठायचं.

न हसता ऐकणारी एकटी सुमनबाई. काट्यापासून दहा पावलांवर ती हळद निवडायला बसायची. नवरा गेल्यापासून नरसीहून रोज येत होती. तिचा शिवशंकर याच आडतीत पोत्यांवर झोपून मोठा झालेला. आता तो बावीस वर्षांचा होता, जिल्ह्यातला पहिल्या नंबरचा चढाईपटू होता, आणि यंदा निवडीच्या यादीत त्याचं नाव आलं होतं.

“घेतील का वो त्याला?” ती विचारायची.

“न घेऊन जातेत कुठं,” तातेराव म्हणायचा.

चैत्रात गोदावरी संघाचा माणूस मोंढ्यात आला. नचिकेत नावाचा, पुण्याचा, नवी पोरं हेरणं हेच त्याचं काम. नरसीच्या मैदानावर शिवशंकरचा खेळ बघून तो त्याच्या आईला भेटायला आला होता. सुमनबाई नेमकी बँकेत गेली होती. शेठनं त्याला काट्याजवळ खुर्ची दिली आणि डोळा मिचकावून म्हणाले, “तोपर्यंत यांना विचारा. आमचे एक्सपर्ट आहेत.”

नचिकेतनं खरंच विचारलं. “काका, गेल्या वर्षी तुम्ही आमच्या जागी असता तर कुणाला घेतलं असतं?”

तातेरावला आधी वाटलं, हीही थट्टाच. पण माणूस हसत नव्हता. मग तो बोलत सुटला. डावा कोपरा कसा रिकामा राहिला, कोणत्या पोराच्या पकडीत जोर आहे, कोण दम टिकवत नाही. नचिकेत मान हलवत होता, मधेच “बरोबर” म्हणत होता. तातेरावच्या कानशिलावर घाम आला होता. इतकं सुख त्याला लग्नातही झालं नसेल.

“आणि शिवशंकर?”

“वाघ हाय,” तातेराव म्हणाला. “हात लांब, श्वास लांब. पोरगं गुणाचं, सुपारीसुदिक खात न्हाई.”

“हे सगळेच सांगतात हो,” असं म्हणून नचिकेतनं खिशातून मोबाइल काढला आणि त्यात बघायला लागला.

झालं. चहा आला की लोक उठायचे, तसाच हाही उठणार. तातेरावला ते सहन झालं नाही. चेहरा पुन्हा आपल्याकडं वळावा, एवढंच त्याला हवं होतं. त्याच्याजवळ एक गोष्ट होती, जी दुसऱ्या कुणाच्या ध्यानात आलेली नव्हती.

“पर एक हाय,” तो आवाज खाली आणून म्हणाला. “डावा घोटा. चढाईहून माघारी वळताना पाय किंचित वढतो तो. दोन वर्सांमागं वारंगा फाट्याच्या सामन्यात दुखावला, तवापासून. पट्टी बांधून मोजा चढवतो वरून. कुनाला दिसत न्हाई, मला दिसतं.”

नचिकेतनं मोबाइल खाली ठेवला. “डावा? नक्की?” त्यानं वही काढली आणि लिहून घेतलं. तातेरावचं बोलणं कुणीतरी लिहून घेण्याची आयुष्यातली ती पहिली वेळ. त्या रात्री तो दोन भाकरी जास्त जेवला.

पुढच्याच आठवड्यात शिवशंकरला एक्स-रे काढायला नांदेडला बोलावलं. तो आईला म्हणाला, सगळ्यांचाच काढतात.

निवडीच्या दिवशी शेठनं आडतीत टीव्ही लावला. हार आणून ठेवला होता. सुमनबाईनं हात साबणानं दोनदा धुतले, पण हळद काही गेली नाही. शिवशंकर मागं पोत्याला टेकून उभा होता. तिसरी पाळी गोदावरीची. त्यांनी सोलापूरकडचं कुणी पोरगं घेतलं.

“दुसऱ्या फेरीत घेतील,” शेठ म्हणाले.

दुसऱ्या फेरीतही घेतलं नाही. मग कुणीच घेतलं नाही. पहिल्या खरेदीदारानं हळकुंड मोडून फेकलं की बाकीचे हात पुढं करत नाहीत, मोंढ्यातल्या माणसांना हे समजावून सांगावं लागत नाही. शिवशंकर केव्हा बाहेर गेला ते कळलं नाही. हार तसाच पिशवीत राहिला.

“काहून न्हाई घेतलं वो?” सुमनबाईनं सगळ्यांना सोडून तातेरावला विचारलं. “तुमाला कळतं यातलं.”

सगळे त्याच्याकडं बघायला लागले. पहिल्यांदाच कुणी हसत नव्हतं.

“माती खाल्ली त्यांनी,” तातेराव म्हणाला.

“बराबर हाय,” ती म्हणाली. “तुमचा डोळा चुकत न्हाई.”

चार दिवसांनी तातेरावच्या नावानं पार्सल आलं. त्याच्या नावानं मोंढ्यात कधी काही आलं नव्हतं, म्हणून त्याचा हात पोचायच्या आत वसरामनं ते फोडलं. आत गोदावरीची हिरवी जर्सी होती, पाठीवर मोठ्या अक्षरांत ‘तातेराव’ छापलेलं. हमालांनी शिट्ट्या मारल्या. खाली एक चिठ्ठी होती. वसराम शाळेत धडा वाचावा तशी ती मोठ्यानं वाचायला लागला.

“काका, तुमचा डोळा खरा निघाला. शिवशंकरच्या डाव्या घोट्यात जुनी चीर सापडली. तुम्ही सांगितलं नसतं तर आम्ही फसलो असतो. संघातर्फे ही छोटी भेट.”

शेवटच्या वाक्याला वसरामचा आवाज उतरला. दहा पावलांवर सुमनबाईचे हात सुपात थांबले होते. ती उठली आणि काट्यापाशी आली. तातेरावला वाटलं, आता शिव्या देईल, थोबाडीत मारेल. मारली असती तर बरं झालं असतं.

“लई दुखतंय का त्याला?” तिनं विचारलं.

तातेराव काट्यावरची हळदीची धूळ पुसायला लागला.

“कवापासून?”

“दोन वर्सं झाली.”

“मला न्हाई सांगितलं तुमी. रोज हितं दहा पावलांवर बसते मी. त्या परक्या मानसाला सांगितलं.” तिचा आवाज चढलाच नाही. “मला सांगितलं असतं तर दवाखान्यात नेलं असतं लेकराला.”

ती परत जाऊन बसली आणि हळद निवडायला लागली. तातेरावला सफाई देता आली असती, की पोरगंच लपवत होतं, की कधीतरी ते बाहेर येणारच होतं. सगळं खरं होतं आणि त्यातलं काहीच खरं नव्हतं. दोन वर्षं तो घोटा त्यानं पाहिला होता, आपल्याला किती बारीक दिसतं म्हणून मनातल्या मनात खूश झाला होता. ते दुखत असेल, हे मात्र त्याच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

मोंढ्यानं त्याला सोडलं नाही. हमाल काट्यावर पोतं टाकायचे आणि विचारायचे, “मापाडीबुवा, माल कसा हाय? आतून चिरलाय का बघा.” कबड्डीचं नाव आता त्याच्याजवळ कुणी काढत नसे, आणि तोही काढत नसे.

वैशाखात हळदीची आवक वाढली, हमाल कमी पडायला लागले. एका सकाळी काट्यावर पोतं आलं आणि तातेरावनं वर बघितलं तर पोत्याखाली शिवशंकर. उघड्या अंगाला हळदीची धूळ चिकटलेली.

“काका, ती जर्सी पडून हाय शेठच्या कपाटाशी,” तो म्हणाला. “कुनी घालत नसंल तर घेऊ का? माझे सदरे खराब होऊन राहिलेत.”

त्याच्या बोलण्यात राग शोधायचा तातेरावनं प्रयत्न केला. सापडला नाही.

“घे,” तो म्हणाला.

शिवशंकरनं जर्सी अंगात घातली आणि पुन्हा खांदा पोत्याला लावला. उचलताना त्यानं भार उजव्या पायावर घेतला. निघाला, चार पावलं नीट गेली, आणि थप्पीकडं वळताना डावा पाय किंचित ओढला. त्याच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत ‘तातेराव’ लिहिलेलं होतं. सुमनबाईनं मान वर करून बघितलं, पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघितलं, आणि पुन्हा सुपात हात घातला.

दुसरं पोतं घेऊन तो आला तरी तातेराव तसाच उभा होता.

“वजन बोला, काका,” शिवशंकर म्हणाला.

“बावन्न किलो तीनशे,” तातेराव म्हणाला.