दहाच्या दहा ओळी

"भाभी, एक बात बोलूँ? अपने लोगों के साथ शेअरिंग मत करो. पराए से झगड़ा तो कर सकते हैं."

हाफिजाआपा तोंडात टाचण्या धरून बोलत होती. खालच्या मजल्यावर ब्लाउज शिवणारी ही हैदराबादची बाई दुबईच्या करामा भागात सतरा वर्षं राहिली होती आणि कोण कुणाबरोबर राहतं, किती दिवस राहतं हे तिला मापासकट पाठ होतं. आभा हसली होती. "आपा, वो लोग पुणे के हैं. हमारे घर के जैसे."

"वही तो," हाफिजाआपा म्हणाली आणि टाचणी टोचली.

फ्लॅट दोन बेडरूमचा. एकीत शोभनाताई आणि प्रकाशराव, दुसरीत आभा, सुजीत आणि सात वर्षांची मिहिका. स्वयंपाकघर एक, हॉल सगळ्यांचा. प्रकाशराव खोर फक्कानच्या बंदरावर नोकरीला, गुरुवारी संध्याकाळी यायचे आणि शनिवारी पहाटे जायचे. शोभनाताई क्लिनिकमध्ये रिसेप्शनला. तिथं दुबईत असते तशी मधे मोडलेली ड्युटी: सकाळी नऊ ते एक, मग चार ते आठ. त्यांचा एकुलता मुलगा वेदांग जन्मल्यापासून दुबईत वाढला आणि अकरावीला पुण्याच्या होस्टेलवर गेला. मागं राहिला त्याचा गेम.

तो गेम हॉलमधल्या टीव्हीला जोडलेलाच असायचा. मूळ मालिका कुठल्याशा तलवारवाल्याची. जंगलं, गुहा, राक्षस, संपता न संपणारी गोष्ट. हा त्याच मालिकेतला जोडखेळ, पण यात गोष्ट नव्हतीच. नारिंगी प्लास्टिकची बंदूक, पडद्यावर फिरणाऱ्या लाकडी थाळ्या, मडकी, बुजगावणी, आणि नेम. चाप ओढला की पडदा क्षणभर पांढरा व्हायचा. मधूनच टोपली घेतलेली एक म्हातारी पडद्यावरून हळूहळू जायची. तिला लागलं की केलेले सगळे गुण गेले. खेळ संपला की दहा पातळ्यांचा तक्ता: सोपी तळाला, अवघड वर, आणि प्रत्येक ओळीत त्या पातळीचे सगळ्यात जास्त गुण करणाऱ्याच्या नावाची तीन इंग्रजी अक्षरं. सगळं एका मेमरी कार्डात साठलेलं. कार्ड काडेपेटीहून लहान.

तक्त्यात वेदांगच्या नावाची व्ही, ई, डी अक्षरं वरपासून खालपर्यंत होती. शोभनाताई दुपारी जेवून उठल्या की पडदे ओढून घ्यायच्या आणि दोन तास मुलाच्या गुणांशी झगडायच्या. पन्नाशीला आलेली, गुडघे धरलेली बाई पदर खोचून टीव्हीसमोर उभी. पहिल्यांदा बघताना आभाला हसू आलं होतं. मिहिकाला त्यांनीच शिकवलं. "घाई नाही करायची. टोपलीवाल्या बाईला जाऊ द्यायचं. हां, आता मार!"

"आजी, आय हिट इट!"

"आजी काय गं? मावशी म्हण. यल्ला, पुढचं बघ."

सप्टेंबर ते डिसेंबर असं गेलं. आभा सुजीतला म्हणायची, हाफिजाआपाला माणसांची पारख नाही.

जानेवारीत वेदांग आठवडाभर येऊन गेला. तो गेला आणि कार्डही गेलं. शोभनाताईंनी सोफे ओढले, गादीखाली हात घातले, कचऱ्याची पिशवी वर्तमानपत्रावर ओतली. दोन दिवस त्या मिहिकाकडे बघत राहिल्या. आभाला ते दिसत होतं. मूल झोपल्यावर त्याचा श्वास मोजणारी आई ती, तिला सगळंच दिसायचं. पण दिसलेलं बोलून दाखवायचं धैर्य तिला वेळेवर कधी झालं नाही.

तिसऱ्या दिवशी हॉलमध्ये संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. वीसेक बायका. मिहिका काळा फ्रॉक घालून, हातात तिळाचा लाडू घेऊन मिरवत होती.

"मिहिका, बाळा," शोभनाताई गोड आवाजात म्हणाल्या, "तुझं दप्तर आण बघू जरा."

तिनं आणलं. तिला वाटलं, वह्या दाखवायच्या आहेत.

"काढ सगळं बाहेर. मावशीची एक छोटीशी वस्तू हरवलीय ना, बघूया चुकून तुझ्याकडे आलीय का."

डबा निघाला, खडू निघाले, अर्धं खोडरबर निघालं. हॉलमध्ये बांगड्यासुद्धा वाजेनात. मग शोभनाताईंनी वाकून तिच्या फ्रॉकचा खिसा स्वतः उलटा केला. दोन हलव्याचे दाणे गालिच्यावर पडले.

"आय डिडन्ट टेक एनीथिंग, आई," मिहिका म्हणाली. रडली नाही.

"ताई, हे काय चाललंय?" आभाच्या तोंडून निघालं, पण इतकं हळू की शेजारच्या बाईलाही ऐकू गेलं नसावं.

ऐकू गेलं ते मनोरमाबाईंचं. इथल्या मराठी मंडळातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या त्या. लाडू मोडत त्या म्हणाल्या, "जाऊ दे गं शोभना. मुलं घेतात. त्यांना कुठं कळतं?"

आरोप परवडला असता. या माफीनं सगळं पक्कं केलं. त्या दिवसापासून कुणाच्याही घरून निघताना मिहिका दारात थांबायची, फ्रॉकचे खिसे बाहेर ओढायची, दोन्ही तळवे उघडे करून दाखवायची आणि मगच चपला घालायची. शाळेतून निघतानाही. बाईंनी डायरीत लिहून पाठवलं: घरी काही झालं आहे का?

सुजीत म्हणाला, "अगं, जूनपर्यंत ॲग्रीमेंट आहे. मध्येच कुठं जाणार? ॲडजस्ट कर. जूनला खलास."

आभानं ॲडजस्ट केलं. "ताई, पोळपाट झाला का?" "झाला." "दूध उतू जातंय." "बघते." एवढ्यावर दोन बायका एका गॅससमोर उभ्या राहायच्या.

फेब्रुवारीत एका दुपारी तिनं सुजीतला ऑफिसात फोन लावायला स्वयंपाकघरातला रिसीव्हर उचलला. हॉलमधल्या फोनवर आधीच बोलणं चालू होतं.

"मम्मा, चिल! कार्ड माझ्याच जीन्समध्ये होतं. मीच काढलं होतं, इथं रूममेटकडे खेळायला. आय फर्गॉट."

"सापडलं ना? बरं झालं." मग शोभनाताई म्हणाल्या, "पप्पांना नको बोलूस. कुणालाच नको."

आभानं रिसीव्हर असा ठेवला की आवाज झाला नाही.

तिनं वाट पाहिली. आज म्हणतील, उद्या म्हणतील. कुणासमोर नाही तर निदान पोळपाटाशी म्हणतील. मिहिकाच्या डोक्यावर नुसता हात ठेवला असता तरी आभा विरघळली असती, इतकी ती भित्री होती. पंधरा दिवस गेले. सोळाव्या दिवशी प्रकाशराव बायकोसाठी नवं कार्ड घेऊन आले आणि शोभनाताई दुपारी पुन्हा उभ्या राहिल्या. गुण मिळवायच्या त्या, पण तीन अक्षरं भरायच्या मुलाची. व्ही, ई, डी. आठवड्याभरात दहाही ओळी त्याच्या नावानं भरल्या.

तो भरलेला तक्ता पाहिला त्या दिवशी आभाच्या आत काहीतरी सरळ उभं राहिलं.

कॉलेजात तिनं एनसीसी केलं होतं. पोटावर झोपून रायफलनं नेम मारले होते. अर्धा श्वास सोडायचा, उरलेला धरायचा, चाप ओढायचा नाही, दाबत न्यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी शोभनाताईंची सँडल लिफ्टपर्यंत गेल्याचा आवाज ऐकून तिनं पडदे ओढले, कणकेचे हात धुतले आणि बंदूक उचलली. प्रत्येक थाळीवर तिनं एकच चेहरा बघितला. बुजगावण्यालाही तोच चेहरा. टोपलीवाल्या म्हातारीला तेवढा तो चेहरा द्यायचा मोह तिनं टाळला. त्यानं गुण जातात.

अकरा दिवसांनी तक्त्याच्या तळाची ओळ पडली. तिथं आभानं तीन अक्षरं भरली: एम, आय, एच. तिच्या लेकीच्या नावाची पहिली तीन.

त्या दुपारी ती आपल्या खोलीच्या दाराला कान लावून उभी होती. टीव्ही सुरू झाल्याचा आवाज. मग काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही. मग गोळ्या. एकसारख्या, रागानं झाडलेल्या, चार वाजेपर्यंत.

दुसऱ्या सकाळी तळाच्या ओळीत पुन्हा व्ही, ई, डी होतं.

मार्च, एप्रिल, मे. सकाळी एक बाई लढायची, दुपारी दुसरी. संध्याकाळी दोघी शेजारी शेजारी भाजी चिरायच्या. एकदा शोभनाताई विळीवरून मान वर न करता म्हणाल्या, "हात दुखतो का गं तुझा?"

"नाही. तुमचा?"

"थोडा."

ती घरातली त्या महिन्यांतली सगळ्यात लांब बातचीत. बाकी जे बोलायचं ते तक्ता बोलत होता. मेच्या मध्याला पाच ओळी मिहिकाच्या होत्या, शेवटाला आठ. वेदांग आता क्वचितच फोन करत होता. बारावीचा क्लास, मित्र, क्रिकेट. उन्हाळ्यात येणार होता, तेही रद्द झालं. आभाला हे सगळं माहीत होतं. भिंती पातळ असतात. माहीत असूनही तिनं एक सकाळ सोडली नाही. दयेचा विचार आला की ती मिहिकाचे उलटे केलेले खिसे आठवायची आणि हात स्थिर व्हायचा.

घर सोडण्याच्या आदल्या दिवशी एकच ओळ उरली होती. पहिली. गुण असे की आभाला त्यांच्या जवळपासही कधी जाता आलं नव्हतं. खोलीत खोकी बांधलेली. तिनं सकाळी साडेनऊला बंदूक उचलली. साडेबारा वाजता शेवटच्या फेरीत टोपलीवाली बाई नेमकी लाल थाळीसमोर येऊन रेंगाळली. आभानं अर्धा श्वास धरला. बाई गेली. तिनं चाप दाबत नेला.

एम, आय, एच.

टीव्ही तिनं बंद केला नाही. तक्ता पडद्यावर तसाच ठेवून ती सोफ्यावर बसली. एक वाजून दहा मिनिटांनी किल्ली फिरली. शोभनाताई आत आल्या, पर्स खांद्यावरच राहिली.

"दहाच्या दहा?"

"दहाच्या दहा."

त्या भिंतीला धरून सावकाश खुर्चीत बसल्या. गुडघा चोळत राहिल्या. "त्याची एक ओळ तरी सोडायचीस गं."

"तुम्ही माझ्या मुलीला सोडलंत?"

शोभनाताईंनी खांद्यावरची पर्स उतरवून ठेवली.

"कार्ड वेदांगकडेच होतं," शोभनाताई म्हणाल्या.

"माहीत आहे मला. फेब्रुवारीपासून."

शोभनाताईंनी पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. "आणि बोलली नाहीस?"

"तुमची वाट बघत होते."

"मी रोज ठरवायचे," त्या म्हणाल्या. "मग घरी यायचे आणि इथं तिचं नाव दिसायचं. राग यायचा. म्हणायचे, उद्या."

"वीस बायकांसमोर खिसा उलटा केलात. वीस बायकांसमोर सांगा."

"सांगेन. मंगळागौरीला मनोरमाबाईंकडे सगळ्या असतील. सांगेन, आभा."

ऑगस्टमध्ये आभा कुसैसच्या नव्या फ्लॅटमधून टॅक्सी करून गेली. मिहिकाला मुद्दाम नेलं, परकर-पोलकं घालून. तिनं ऐकायला हवं होतं. बायका फुगड्या घालून दमल्या, फराळ झाला, आरती झाली. शोभनाताई आल्या नाहीत. क्लिनिकमध्ये ड्युटी आहे असा निरोप आला. निघताना मिहिका दारात थांबली. परकराला खिसे नव्हते. तिनं मनोरमाबाईंसमोर नुसते तळवे उघडले. मनोरमाबाईंना वाटलं, पोरगी प्रसाद मागतेय. त्यांनी दोन्ही हातांवर पेढे ठेवले.

दुसऱ्या दुपारी अडीचला आभानं करामाचा नंबर फिरवला. विचारायचं होतं, का नाही आलात? पलीकडे धावत आल्यासारखा श्वास ऐकू आला, आणि, "वेदांग? बोल ना राजा!"

पुण्यात तेव्हा चार वाजलेले असतात. कॉलेज सुटायची वेळ.

आभानं काही न बोलता फोन ठेवला. ठेवल्यावर तिला कळलं की याहून अचूक नेम तिनं कधी मारला नव्हता. म्हणून दुसऱ्या दिवशीही तिनं अडीचलाच फोन केला. तिसऱ्या दिवशीही. लोकल कॉल, फुकट. रोज मागं गोळ्यांचा आवाज थांबायचा, पावलं यायची, "वेदांग?", आणि ती ठेवून द्यायची. कधीतरी त्या चिडतील, शिव्या देतील, अशी ती वाट बघत होती. ते कधीच झालं नाही. ऑक्टोबरमध्ये एकदा त्या एवढंच म्हणाल्या, "कोण असेल ते असो. बोलायचं तर बोल बाई." आभानं तेव्हाही ठेवला.

गेल्या शनिवारी कुणी उचलला नाही. रविवारी नाही. सोमवारी तिनं तीनदा केला. क्लिनिकमध्ये विचारलं, तर नवी मुलगी म्हणाली, "मॅडम लीव्हवर आहेत, बॅक इन्शाल्ला नेक्स्ट वीक." प्रकाशराव आता महिन्याकाठी एकदाच येतात, असं कानावर आलं होतं. बंदरावरचा त्यांचा नंबर आभाकडे नाही. हाफिजाआपा सुट्टीवर हैदराबादला. आज मंगळवार.

आभा स्वतः जाणार नाही. टॅक्सीनं वीस मिनिटं लागतात, तरी नाही. दार उघडलं तर समोर शोभनाताई असतील, आणि समोर आल्या तर त्यांना माफ करावं लागेल. मिहिका अजून तळवे दाखवते. अजून नाही.

पण तुमच्यापैकी कुणी करामात राहत असाल, किंवा कुणी ओळखीचं असेल, तर एवढं करा. हे तुमच्या हाती पडेल तेव्हा चौथ्या दिवसाचा चौदावा झाला असेल, तरी करा. जुन्या पोस्ट ऑफिसच्या मागची चार मजली इमारत, तिसरा मजला, दारावर गेल्या दिवाळीचं प्लास्टिकचं तोरण आहे. दुपारी एक ते चारच्या मध्ये जा. आतून गोळ्यांचा आवाज येत असेल तर काही बोलू नका, तसेच परत फिरा.

येत नसेल, तर बेल वाजवा. दोनदा वाजवा, आणि लगेच निघू नका. त्यांचे गुडघे धरलेत. दारापर्यंत यायला वेळ लागतो.