बिघाड माझा नव्हता

मी नेटवर्क कार्ड बोलतेय. तळहाताएवढी हिरवी पट्टी. पण या रुग्णालयाच्या लिनक्स सर्व्हरचं तोंड मीच होते. वॉर्डातल्या पडद्यांवरचा प्रत्येक रिपोर्ट माझ्यातून गेलाय. कारखान्यातून निघाल्यापासून एकदाही दुखणं काढलं नाही. बढाई वाटत असेल तर खुशाल तपासून घ्या.

माणसांची खोड मला ठाऊक आहे. चालतंय तोवर ढुंकून बघायचं नाही, आणि अडलं की आधी आम्हालाच शिव्या.

त्या दुपारी माझ्या केबलच्या पलीकडचा स्विच, म्हणजे सगळ्या तारा एकत्र जोडणारा डबा, कुणीतरी बदलला. त्याचा वेग एक, माझ्या सेटिंगमधला दुसरा. निम्मं पोचायचं, निम्मं वाटेत सांडायचं. सर्व्हर सांभाळणारा तेव्हा समोरच्या इमारतीतल्या वॉर्डात आजारी आईच्या उशाशी होता. थोरली बहीणही तिथेच. वॉर्डची सिस्टर करवादली, "तुमचा पडदा जागचा हलत नाही हो!" त्यानं मांडीवर लॅपटॉप उघडला आणि माझ्यातूनच आत आला.

पोरगा हुशार. पत्ता पाहिला, बरोबर. रस्ता पाहिला, बरोबर. वेग पाहिला, तिथं दुखणं सापडलं. त्यानं सेटिंग दुरुस्त केलं. आता ते लागू व्हायला मला बंद करून पुन्हा चालू करायचं होतं. असे दोन हुकूम एका ओळीत द्यायचे असतात. त्यानं घाईत पहिला एकटाच धाडला.

मी बंद झाले. हुकूम पाळणं माझा धर्म. पण दुसरा हुकूम येणार कुठून? ज्या दारातून तो आत आला, तेच त्यानं लावून घेतलं होतं.

लॅबचं यंत्र थेट सर्व्हरला जोडलेलं. त्याच्या आईचा ताजा रिपोर्ट माझ्या उंबऱ्याशी आला नि तिथेच अडकला. रक्तातलं पोटॅशियम जीवघेणं वाढलं होतं. वॉर्डात मात्र सकाळचा जुना रिपोर्ट बघून सगळे निर्धास्त.

पहारेकऱ्याला हुडकून, सर्व्हरच्या खोलीची किल्ली मिळवून तो धापा टाकत माझ्यापाशी आला. उभ्यानंच हुकूम दिला. मी उठले, रिपोर्ट गेला. तेवढ्यात बहिणीचा फोन.

"अरे, कुठे तडफडलास? आई गेली रे!"

नंतर त्याचे साहेब म्हणाले, "कार्डच खराब होतं म्हणून लिहून टाक. कोण बघायला येतंय?"

त्यानं मान डोलावली. मला धडधाकटीला उपटून टेबलावर टाकलं.

पुढं एकदा बहीण आली. मला चिमटीत धरून म्हणाली, "हेच का ते मेलं?"

"हो, ताई."

तिनं मला फरशीवर आपटलं, टाचेखाली रगडलं. त्यानंच मला उचलून भंगारात टाकलं.

आता मी भंगाराच्या खोक्यात आहे, मधोमध चिरलेली. तो रोज येऊन खोक्याशी उभा राहतो. अरे, माझ्यापाशी काय उभा राहतोस? मी कितीही ओरडले तरी तुला ऐकू यायचं नाही. तुझा आळ मी वाहीन. मोडलेलीला काय जड? पण तुझी ताई भलत्याच जिवावर राग काढून रिकामी झालीय. आई तिचीही होती. जा, तिला खरं काय ते सांग. आणि तिचा हात उठला, तर गाल चुकवू नकोस.