डावीकडे पळ, कोरीन

ऑर्विल ट्रास्कचा निम्मा जन्म काळ्या कापडाखाली गेला होता. बाकीचं जग खिशातल्या कॅमेऱ्यांनी फोटो काढून मोकळं झालं, पण हा बाबा आपली ती लाकडी पेटी आणि तीस इंची भिंग घेऊन युटाच्या दऱ्यांत तडमडत हिंडायचा. एवढ्या लांब पल्ल्याचं भिंग लावायचं म्हणजे पेटीचा मधला घड्याघड्यांचा भाता हातभराहून जास्त ओढावा लागे, त्याच्या टोकाला दुसरा तिपाया द्यावा लागे, आणि वारा सुटला की तो भाता असा थरथरायचा की ऑर्विल वाऱ्याला आईबहिणीवरून शिव्या घालायचा. मागच्या धूसर काचेवर चित्र उमटे तेही उलटं. डोकं खाली, पाय वर, डावं ते उजवीकडे. चाळीस वर्षांत त्याला तेच सुलटं वाटायला लागलं होतं.

त्याच्या फोटोंत पलीकडच्या कड्याशी एक पाठमोरी बाई हमखास असे. ती त्याची मुलगी कोरीन. लहानपणापासून तीच उभी राहायची. काचेत बघत तो वॉकीटॉकीवर सांगे, "जरा डावीकडे," आणि कोरीनने सरकायचं उजवीकडे. सुरुवातीला ती भांडली होती.

"पप्पा, उलटं काय सांगतोस?"

"मला दिसतं ते सांगतो. उलटवायचं काम तुझं."

झालं. तेव्हापासून तिच्या पायांना तेच वळण पडलं, विचारसुद्धा करावा लागत नसे.

त्या सकाळीही ती समोरच्या कड्याच्या कंगोऱ्यावर उभी होती. पुढे भिंत, मागे खोल दरी, वाट काय ती डावी-उजवी. मधली दरी अरुंद, दगड भिरकावला तर पलीकडे पडेल एवढी, पण उतरून चढायचं तर अर्धा तास.

"पप्पा, आटप रे! माझी पाठ काढून काढून एक दिवस तोंड विसरशील माझं."

"पाठ तुझ्या आईवर गेलीय म्हणून काढतो. तोंड माझ्यावर गेलंय, त्याला कोण बघणार? सरक, जरा उजवीकडे."

ती डावीकडे सरकली. हसत असणार, खांदे हलत होते. ते बघून ऑर्विलला बरं वाटलं. मार्चमध्ये नवऱ्याने, त्या क्लेटने, दोन बरगड्या मोडल्यावर ती बापाकडे आली होती आणि इतके महिने हसली नव्हती. क्लेटने जवळ फिरकायचं नाही असा कोर्टाचा हुकूम होता. हुकूम कोर्टात, आणि क्लेट मोकाट.

ऑर्विलने काचेला छोटं भिंग लावून तिचा खांदा रेखीव करून घेतला. तेवढ्यात काचेच्या कडेला काहीतरी हललं. डोकं खाली लोंबणारा एक माणूस खडकाआडून येत होता. हातात लोखंडी पहार.

कापड भिरकावून तो उभा राहिला आणि उघड्या डोळ्यांनी त्याने पाहिलं. क्लेटच! उजवीकडच्या खडकाआड, कोरीनपासून वीसेक पावलांवर, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. डावीकडची वाट मोकळी होती.

"क्लेट आलाय! डावीकडे पळ, कोरीन! डावीकडे!"

तिने मान वळवली नाही, काही विचारलं नाही. बापाने सांगितलं आणि ती जिवाच्या आकांताने पळाली. उजवीकडे.

"अगं तिकडे नाही! कोरीन, नाही!"

खडकाला वळसा घातला आणि ती थेट त्याच्या पहारीवर गेली. पहिला घाव हातावर बसला. वॉकीटॉकी दरीत उडाला. दुसरा तोंडावर. ती गुडघ्यावर आली तसा त्याने केस धरून तिचं डोकं भिंतीवर आपटलं, पुन्हा आपटलं. ऑर्विल पलीकडून गुरासारखा ओरडत होता, दगड फेकत होता. एकही लागला नाही. मग कोरीनने क्लेटच्या मांडीत दात रोवले. तो किंचाळला, पहार उगारायला मागे सरकला, आणि तिने उरल्या एका हाताने त्याचा घोटा ओढला. क्लेट दरीत गेला. मध्ये दोनदा खडकावर आपटला.

सॅटेलाइट फोनवर मदत मागत ऑर्विल घसरत उतरला, हातापायांवर चढला. भिंतीवर रक्ताचा ओघळ होता. कोरीनचा अर्धा चेहरा जागेवर नव्हता. त्याने सदरा फाडून दाबून धरला, पण बोटांमधून रक्त येतच राहिलं.

"पप्पा... तू डावीकडे म्हणालास ना?"

"हो."

"मग मी उजवीकडे पळाले. बरोबर ना? मग तो तिथे कसा?"

आयुष्यात पहिल्यांदा आपण काचेत न बघता तिला खरी बाजू सांगितली, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

"तू बरोबरच पळालीस, बाळा. मीच चुकलो. मी उजवीकडे म्हणायला हवं होतं."

"म्हातारा झालास," कोरीन म्हणाली.

"झालो खरा," तो म्हणाला, आणि तिला बोलतं ठेवायला काहीबाही सांगत राहिला. हेलिकॉप्टर उतरलं तेव्हाही तो सांगतच होता. मदतीला आलेल्या पोरांनी त्याचे हात हळूच सोडवले आणि तिच्या तोंडावरून चादर ओढली.